नोकरी सांभाळून विणकाम: अर्धा राहिलेला स्वेटर पुरा कसा होतो?

कपाट आवरायला काढलं की बहुतेक घरांत एक पिशवी निघते. आत दोन सुया, सुईवर वीतभर विणलेली पाठ, लोकरीचे तीन-चार गुंडे आणि कुठून तरी उतरवून घेतलेला नमुन्याचा कागद. ज्या बाळासाठी हा स्वेटर घातला होता ते आता पाचवीत असतं. का राहिला, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘वेळच मिळत नाही हो.’

वेळ मिळत नाही हे खरंच आहे. सकाळी साडेआठला घर सोडायचं आणि संध्याकाळी साडेसहाला परत यायचं, त्यात स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, घरातल्या मोठ्यांची औषधं. पण अशाच दिनक्रमात वर्षाला दोन-तीन स्वेटर, एखादी शाल, दोन-चार कानटोप्या पुऱ्या करणाऱ्या नोकरदार बायकाही आपल्या आजूबाजूला असतात. त्यांना जादा तास मिळालेले नसतात. कुठलं काम कधी हातात घ्यायचं आणि किती ओळींवर थांबायचं, एवढंच त्यांनी ठरवलेलं असतं.

हा प्रश्न छंदापुरता नाही. १९६२ च्या चीन युद्धात देशभरातल्या बायकांनी सीमेवरच्या जवानांसाठी स्वेटर विणले. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असलेल्या बेळगावला जवानाच्या अंगावरच्या लोकरीची किंमत वेगळी सांगायला नको. तेव्हा सुया धरणाऱ्या तरुण मुली आज ऐंशीच्या पुढे आहेत. घराघरांतली ही विद्या बहुतेक त्यांच्या आणि त्यांच्या सुना-लेकींच्या हातात उरली आहे. पुढची पिढी नोकरीवर जाते. त्या पिढीच्या दिनक्रमात विणकाम बसलं नाही, तर ते आजींबरोबरच संपेल.

आधी हिशेब: किती टाके, किती तास

‘स्वेटर विणायला किती दिवस लागतात?’ या प्रश्नाला तसं उत्तर नाही. टाके मोजले तर उत्तर मिळतं.

मध्यम जाडीच्या लोकरीने चार इंचांत साधारण २२ टाके आणि २८ ओळी बसतात. म्हणजे एका इंचाला साडेपाच टाके, सात ओळी. वर्षाच्या आतल्या बाळाचा स्वेटर छातीला २२ इंच आणि लांबीला ११ इंच धरला, तर बाह्या, गळा आणि पट्ट्या मिळून जवळपास १३ हजार टाके होतात. हात बसलेली बाई मिनिटाला २० टाके सहज घालते. म्हणजे ६५० मिनिटं, सुमारे ११ तास. जोडणी, बटणं आणि दोरे लपवणं याला आणखी दोन तास. एकूण १३ तास.

मोठ्या माणसाचा ४० इंच छातीचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर ५० ते ५५ हजार टाक्यांचा. जोडणीसकट त्याला ५० तास लागतात.

आता हे तास आठवड्यात बसवू. सोमवार ते शुक्रवार रोज ४० मिनिटं मिळाली तर आठवड्याला २०० मिनिटं होतात. बाळाचा स्वेटर चार आठवड्यांत पुरा होतो. मोठ्याला पंधरा आठवडे लागतात. गणपती उठल्यावर सप्टेंबरच्या मध्यावर टाके घातले, मध्ये दिवाळीचे दोन आठवडे सोडले, तरी संक्रांतीला तो स्वेटर अंगावर असतो. डिसेंबरात थंडी पडल्यावर लोकर आणली तर तो होळीला तयार होणार आणि पुढच्या वर्षापर्यंत डांबरगोळ्यांत पडणार. बहुतेक स्वेटर अर्धे राहतात ते इथेच. सुरुवातच उशिरा झालेली असते.

कोणतं काम कोणत्या वेळेला

सगळ्या हातकामांना सारखा वेळ लागत नाही आणि सारखं लक्षही लागत नाही. मिळणारा वेळ कसा आहे ते बघून काम निवडावं.

दोन सुयांचं विणकाम. यात एका वेळी शंभर-सव्वाशे टाके सुईवर उघडे असतात. धक्का लागून सुई निसटली की टाके सुटतात. म्हणून दोन सुयांवरचं काम ओळ पुरी झाल्यावरच ठेवायचं, अध्यात नाही. पाठीच्या ११० टाक्यांच्या ओळीला साडेपाच मिनिटं लागतात. वीस मिनिटांत साडेतीन ओळी, म्हणजे अर्धा इंच. अर्धा इंच फार वाटत नाही, पण पंचवीस इंचांची पाठ अशाच पन्नास बैठकांत होते. बसमध्ये विणायचं असेल तर लांब सरळ सुयांपेक्षा वायरने जोडलेली गोल सुई बरी. काम वायरवर सरकवून ठेवता येतं आणि शेजारच्याला कोपर लागत नाही.

क्रोशा. नोकरदारांसाठी सगळ्यांत सोयीचं काम हेच. एका वेळी एकच टाका उघडा असतो. साखळी, मुका खांब, खांब, कुठेही असा. त्या टाक्यात एक सेफ्टी पिन अडकवली की काम पर्समध्ये. खानापूरच्या शाळेत रोज बेळगावहून जाणाऱ्या शिक्षिकेला बसमध्ये पाऊण तास बसायला जागा मिळाली, तर चार थरांचे दोन-तीन चौकोन होतात, कारण सरावाच्या हाताला एका चौकोनाला पंधरा मिनिटं पुरतात. दहा गुणिले बारा, म्हणजे १२० चौकोनांची शाल धरा. रोज दोन याप्रमाणे, शनिवार-रविवार सोडून, बारा आठवड्यांत चौकोन तयार. फक्त एक नियम पाळायचा. प्रत्येक चौकोनाच्या सुरुवातीचं आणि शेवटचं टोक त्याच दिवशी लपवून टाकायचं. नाही तर शेवटी २४० टोकं समोर येतात आणि शाल पुन्हा पिशवीत जाते.

चौकोनांची ही ताकद किती मोठी आहे, ते २०१६ च्या जानेवारीत चेन्नईत दिसलं. ठिकठिकाणच्या बायकांनी आपापल्या घरी विणलेले तुकडे जोडून ११ हजार चौरस मीटरपेक्षा मोठी क्रोशाची चादर तयार झाली आणि तिची नोंद गिनीज बुकात झाली. एकट्या हाताला ते अशक्य होतं. तुकडे केल्यावर झालं.

कसुती. धारवाड-बेळगाव पट्ट्यातलं हे भरतकाम. इरकलीवर आणि खणावर आपण ते लहानपणापासून बघतो. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी असे चार टाके. कापडाचे धागे मोजून काम होतं, गाठ मारत नाहीत, गवंती आणि मुरगी तर दोन्ही बाजूंनी सारखी दिसतात. हे काम बसमधलं नाही. दिवसाचा उजेड आणि न तुटलेलं लक्ष हवं, म्हणजे रविवारची सकाळ. गवंतीत जाताना एक सोडून एक टाका घालायचा आणि येताना राहिलेल्या जागा भरायच्या. म्हणून उठायचं ते परतीचा फेरा पुरा करूनच. मध्येच उठलात तर पुढच्या रविवारी आपण जात होतो की येत होतो, हेच कळत नाही. सुरुवात साडीने करू नये. ब्लाउजच्या बाहीवरचा एक पट्टा, नाही तर खणाच्या बटव्यावरचं एक गोपुर पुरे.

वाकळ. गोधडी म्हणा, वाकळ म्हणा, कानडी शेजारी कौदी म्हणतात. जुन्या साड्या-धोतरांचे थर घालून धावदोरा. लोकर विकत आणावी लागत नाही, पण जागा लागते आणि काम उचलून नेता येत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत थर अंथरून मोठे कच्चे टाके घालून घ्यावेत. एकदा थर पक्के झाले की वाकळ घडी करून मांडीवर घेता येते आणि रोज रात्री चार-पाच ओळी धावदोरा होतो. हे काम दोघं-तिघं मिळून करायचं. एका कडेला सासूबाई, दुसऱ्या कडेला सून, हीच त्याची जुनी रीत.

आठवड्याची मांडणी

हातात दोन कामं असावीत, तिसरं नको. एक प्रवासाचं आणि एक घरातलं. प्रवासाचं काम साधं, न मोजता होणारं: मफलर, चौकोन, मोजे, स्वेटरचा सरळ भाग. घरातलं काम लक्ष मागणारं. तिसरं सुरू केलं की पहिली दोन्ही थांबतात, हा अनुभव विणणाऱ्या प्रत्येकीला असतो.

स्वेटरचेही दोन भाग करावेत. टाके घालणं, काखेचे टाके कमी करणं, गळा काढणं, बाही बसवणं ही डोक्याची कामं सुट्टीच्या दिवसासाठी. काखेपर्यंतचे पंधरा इंच सुलट-उलट ही हाताची कामं आठवड्यातल्या संध्याकाळींसाठी. दिवसभर आकडे बघून डोकं शिणलेलं असताना रात्री दहाला गळा काढायला बसलं तर तो सकाळी उसवावा लागतो. एक उसवलेला गळा म्हणजे दोन संध्याकाळी गेल्या.

पिशवीत एक छोटी वही ठेवावी. त्यात चार गोष्टी लिहायच्या: सुईचा नंबर, घातलेले टाके, आज कितव्या ओळीवर थांबलो, पुढची ओळ सुलट की उलट. लिहायला अर्धं मिनिट लागतं. न लिहिलं तर पुढच्या बैठकीची पहिली दहा मिनिटं ओळी मोजण्यात जातात. वीस मिनिटांच्या बैठकीत दहा मिनिटं म्हणजे निम्मा वेळ गेला.

कामाच्या हंगामाकडेही बघावं. बँकेत, हिशेबाच्या कामात असणाऱ्यांनी मार्चमध्ये मोठं काम काढू नये. शिक्षकांनी परीक्षेच्या आणि पेपर तपासणीच्या दिवसांत चौकोनच करावेत. आपल्याकडचा पावसाळा मात्र विणायला उत्तम. संध्याकाळी बाहेर पडणं होत नाही, हवेत गारवा असतो आणि थंडीसाठीचं काम वेळेत सुरू होतं. इंदूर-ग्वाल्हेरकडे थंडी आपल्यापेक्षा कडक, त्यामुळे तिकडच्या मराठी घरांत हा हिशेब आणखी महत्त्वाचा. तिथे नोव्हेंबरच्या अखेरीस स्वेटर हवाच.

लोकर आणि सुया घेताना

दुकानात ‘लोकर’ म्हणून जी मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते. लुधियानाच्या गिरण्यांतून ती देशभर जाते. रोजच्या वापराला ती वाईट नाही. धुवायला सोपी, कसर लागत नाही, लहान मुलांना टोचत नाही. पण तिच्यावर गरम इस्त्री फिरवू नये. एकदा तापली की ती मऊ पडून लोंबते आणि परत पहिल्यासारखी होत नाही. खरी मेंढीची लोकर ऊबदार, पण गरम पाण्यात चोळली तर आटते. भेट देताना समोरच्या घरात कपडे कसे धुतले जातात, तेही बघावं.

बाळाच्या स्वेटरला साधारण १५० ग्रॅम, मोठ्याला ५०० ते ६०० ग्रॅम लोकर लागते. सगळी एकदम आणि एकाच लॉटची घ्यावी. वेष्टनावर लॉट नंबर असतो. तीन महिन्यांनी त्याच रंगाचे दोन गुंडे आणले तर रंगात फरक पडतो आणि तो नेमका बाहीवर दिसतो.

सुरू करण्याआधी चार इंचांचा नमुना विणून मोजावा. हा अर्धा तास फुकट वाटतो, पण नाही. तुमचा हात सैल असेल आणि चार इंचांत २२ ऐवजी २० टाके बसत असतील, तर ४० इंचांसाठी घातलेले २२० टाके ४४ इंच होतात. स्वेटर चार इंच मोठा. ५० तासांच्या कामासाठी अर्धा तास जास्त नाही.

मोबाइलवर बघून शिकणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत. नंबर मोठा, सुई बारीक. आपली ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, १० नंबरची सव्वातीन मिलिमीटरची. अमेरिकन व्हिडिओतली ८ नंबर मात्र ५ मिलिमीटरची असते. क्रोशातही अमेरिकन लोक ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्याला ब्रिटिश नमुन्यात डबल क्रोशे म्हणतात. म्हणून नंबर न बघता मिलिमीटर बघावेत आणि नमुना कुठला आहे ते आधी तपासावं.

हात आणि डोळे

दिवसभर कीबोर्डवर असलेली बोटं रात्री पुन्हा सुयांवर येतात, हे विसरू नये. वीस-पंचवीस मिनिटांनी सुया खाली ठेवून मनगट, मान आणि खांदे मोकळे करावेत. अंगठ्याला किंवा मनगटाला मुंग्या येत असतील तर विणकाम थांबवून डॉक्टरांना दाखवावं. ‘एवढी ओळ पुरी करते’ म्हणत रेटू नये. काळी, गडद निळी लोकर रात्री घेऊ नये, टाके दिसत नाहीत. चाळिशी लागली असेल तर चष्मा लावूनच बसावं.

मनाला मात्र याचा फायदा सांगितला जातो. २०१३ साली ब्रिटनमधल्या व्यवसायोपचाराच्या एका नियतकालिकात साडेतीन हजारांहून अधिक विणणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. जे वारंवार विणतात त्यांनी शांत आणि प्रसन्न वाटतं, असं सांगितलं होतं. हे त्यांचं स्वतःचं सांगणं आहे, औषधाचा पुरावा नाही. पण ऑफिसातून आल्यावर मोबाइल खाली ठेवायला एक कारण मिळतं, एवढं तरी खरं.

ऑर्डर घेताना हिशेब चुकवू नका

हात चांगला बसला की शेजारच्या काकू म्हणतात, ‘माझ्या नातवाला एक करून दे ना, पैसे देते.’ इथून पुढे हा छंद राहत नाही आणि बहुतेक जणी इथेच फसतात.

वरचाच बाळाचा स्वेटर घेऊ. समजा लोकर २०० रुपयांची, बटणं २० रुपयांची. तेरा तासांचं काम. ओळखीत म्हणून ५०० रुपये घेतले. सामान वजा जाता २८० उरले. तेराने भागा: तासाला साडेएकवीस रुपये. तासाला ६० रुपये धरले असते तर हाच स्वेटर हजार रुपयांना गेला असता. दुकानातला यंत्रावरचा स्वेटर चारशेला मिळतो हे खरं, पण तो यंत्राचा. हाताच्या वस्तूची किंमत यंत्राच्या भावात सांगितली की वजा होते ती आपली मजुरी.

ही गोष्ट फक्त आपल्या गल्लीतली नाही. आंध्र प्रदेशातल्या पश्चिम गोदावरी भागात नरसापूर हे क्रोशाच्या लेसचं जुनं केंद्र. मिशनऱ्यांनी शिकवलेलं हे काम पुढे निर्यातीचा धंदा झालं. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी त्यावर अभ्यास करून १९८२ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांनी दाखवलं ते असं: बायका दिवसाचे कितीतरी तास लेस विणत होत्या, त्यांची लेस परदेशी जात होती, पण त्यांना कामगार कुणी म्हणत नव्हतं. त्या ‘घरी बसलेल्या’ आणि लेस म्हणजे ‘रिकाम्या वेळातलं काम’. रिकाम्या वेळेला मोल नसतं, म्हणून मजुरीही नगण्य.

नोकरदार बाईला तर रिकामा वेळ नावाची गोष्टच नसते. तिने बसमधून, मालिकेच्या वेळातून, झोपेतून काढलेले हे तास असतात. भेट द्यायची असेल तर खुशाल फुकट द्यावी, मायेच्या वस्तूला बिल नसतं. पण पैसे घ्यायचेच असतील तर पुरे घ्यावेत आणि तारीखही आपल्या २०० मिनिटांच्या हिशेबाने सांगावी. ‘बारसं पुढच्या रविवारी आहे’ म्हणणाऱ्याला कानटोपी आणि मोजे देता येतात, स्वेटर नाही. अर्धी रक्कम आधी घेतली तर लोकरीचे पैसे अडकत नाहीत.

कुणाकडून शिकायचं

यासाठी क्लास शोधण्याआधी घरातल्या आजींकडे, वाड्यातल्या मावशींकडे बघावं. टाके कसे घालायचे हे मोबाइल दाखवतो. आपला हात सैल पडतोय की घट्ट, हे शेजारी बसलेलं माणूसच सांगतं. रविवारचा एक तास आजींच्या खोलीत विणायला बसलं तर त्यांचाही वेळ जातो. गळ्याची, टाचेची, काखेची जी गणितं त्यांनी कधी कागदावर लिहिली नाहीत, ती वहीत उतरवून घ्यावीत. आणि हे शिकायला मुलीच बसाव्यात असं नाही. शहापूर-वडगावात मागावर बसणारे हात पुरुषांचेही आहेत. मग सुयांनी काय पाप केलंय?

पहिल्यांदाच सुया धरणाऱ्यांनी मफलरने सुरुवात करावी. तीस टाके घाला, सगळ्या ओळी सुलट विणा, रोज वीस मिनिटं. मापाची भीती नाही, गळा नाही, काख नाही. नवा हात मिनिटाला दहा टाके घालतो असं धरलं तर एक ओळ तीन मिनिटांत होते. ज्यांची पिशवी कपाटात आहे त्यांनी नवीन काही आणू नये. ती काढावी, सुईवरचे टाके मोजावेत, ओळी मोजून वहीत लिहाव्यात. बाळ मोठं झालं असेल तर उसवून त्याच लोकरीची कानटोपी करावी. वाफ देऊन सरळ केलेली खरी लोकर पुन्हा छान विणली जाते, अ‍ॅक्रिलिकला मात्र कोमट पाण्यात धुऊन लडीवर वाळवणं पुरे. कानटोपीला आठ-नऊ तासांपेक्षा जास्त लागत नाहीत. आज सुरू केली तर तीन आठवड्यांत कुणाच्या तरी डोक्यावर असेल.